छत्तीस चित्रे, चार माणसे

छोटे कलादालन ही एका खोलीची संस्था असते. मुंबईत काळा घोडा येथे 1952 मध्ये सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी किंवा पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन अशा ठिकाणी चित्रकार ठरावीक दिवसांसाठी जागा घेतो, चित्रे टांगतो आणि मुदत संपली की उतरवतो. पेठेतल्या एका खोलीच्या दालनाचे काम एवढ्यावर भागत नाही. चित्रांची निवड, फ्रेमा, खिळे, दिवे, हिशेब, चहा आणि आलेल्या माणसाशी बोलणे हे सगळे तिथे एक-दोन माणसांनाच करावे लागते. येथे वर्णिलेले दालन पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. त्याची व्यवस्था प्रस्तुत लेखिका पाहते. डिसेंबर 2020 मध्ये, करोनाच्या पहिल्या दोन लाटांच्या मधल्या काळात, तिथे छत्तीस जलरंगचित्रांचे प्रदर्शन सतरा दिवस चालले. त्या प्रदर्शनाची तयारी, मांडणी आणि त्यातून दालनाने घेतलेला धडा यांची ही नोंद आहे.

खोली 22 फूट लांब आणि 14 फूट रुंद आहे. रस्त्याकडे तीन उभ्या लाकडी खिडक्या, बोळातून आत येण्याचे दार आणि मागे अंगणात उघडणारे दुसरे दार. दारे-खिडक्या वजा केल्या की चित्रांसाठी सुमारे 55 फूट भिंत उरते. वातानुकूलन नाही. नेहमीच्या दिवसांत उद्घाटनाच्या संध्याकाळी या खोलीत आणि बोळात मिळून शंभर माणसे सहज मावत असत. म्हणजे मावून घेत असत.

बंद दालन

पुण्यात करोनाचे पहिले दोन रुग्ण 9 मार्च 2020 रोजी आढळले. महाराष्ट्रातील ते पहिलेच रुग्ण होते. 13 मार्चच्या मध्यरात्रीपासून पुण्यासह काही शहरांतील चित्रपटगृहे, व्यायामशाळा आणि जलतरण तलाव बंद करण्याचा आदेश राज्य शासनाने काढला. त्यात छोट्या दालनांचा वेगळा उल्लेख नव्हता, तरी दुसऱ्याच दिवशी दालनाने आपणहून दार लावले. तेव्हा भिंतीवर साताऱ्याच्या एका चित्रकर्तीची बावीस चित्रे होती. ती नेण्यासाठी तिने पुढच्या आठवड्यात यायचे ठरले होते. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. चित्रे भिंतीवरच राहिली. एप्रिलमध्ये शहराच्या मध्यवर्ती पेठांचा मोठा भाग सील झाला, गल्ल्यांच्या तोंडाशी पत्रे उभे राहिले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या लेखिकेला दालनापर्यंत जाणेही अशक्य झाले.

कुलूपबंद खोलीत चित्रे सुरक्षित राहतात हा समज चुकीचा आहे. कागदावरचे चित्र हवेतील ओलावा शोषते. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली आणि हवा हलली नाही, तर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. अंधार आणि शांतता कसरीलाही मानवते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि त्या दिवशी पुण्यातही वाऱ्यापावसाने झाडे पडली. दालनाच्या मधल्या खिडकीची झडप उघडी पडून पाणी आत आले. दोन दिवसांनी लेखिका तिथे पोचली तेव्हा खिडकीखालची भिंत ओलीच होती. दोन चित्रांवर बुरशीचे फिकट करडे ठिपके उमटले होते आणि चार चित्रांचे माउंट फुगून काचेला टेकले होते.

अशा वेळी चित्र उन्हात ठेवायचे नसते, ओल्या फडक्याने पुसायचेही नसते. फ्रेमा उघडल्या, कागद सावलीत पंख्याच्या दूरच्या वाऱ्यात सुकू दिले आणि पूर्ण सुकल्यावर मऊ कोरड्या कुंचल्याने बुरशी झटकली. वीस चित्रे शाबूत राहिली. दोन चित्रांवर डाग कायमचे राहिले. चित्रकर्तीला हे फोनवर सांगणे हा लेखिकेच्या इतक्या वर्षांच्या कामातला सर्वांत जड प्रसंग होता. दालनात आर्द्रतामापक घेतला गेला तो त्या आठवड्यात. दर चार दिवसांनी एक तास खिडक्या उघडण्याचा नेमही तेव्हाच सुरू झाला. 14 ते 23 जुलै या पुण्यातील दुसऱ्या टाळेबंदीत वाड्यातल्या शेजारच्या काकूंनी तो नेम पाळला. किल्ली त्यांच्याकडेच होती.

चित्रे

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका निवृत्त चित्रकला शिक्षकांचा फोन आला. महापालिकेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे शिकवले. लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर ते राहतात. वय 67. पासष्टीच्या पुढच्या माणसांनी घरीच राहावे अशी शासनाची सूचना त्यांनी काटेकोर पाळली होती. 29 मार्चपासून त्यांनी एकाच खिडकीतून दिसणारे दृश्य रंगवले होते आणि प्रत्येक चित्राखाली तारीख घातली होती. शेवटचे चित्र 30 ऑक्टोबरच्या कोजागिरीचे झाले. त्यांच्याकडे शिकलेली आणि न शिकलेली सगळीच माणसे त्यांना सर म्हणतात. येथेही तोच शब्द वापरला आहे.

या चित्रांचा आकार, रंग आणि रचना परिस्थितीने ठरवली. सुरुवातीला दुकाने बंद होती, नंतर बाहेर जाणे बंद होते, म्हणून नवा कागद नव्हता. घरात शाळेच्या काळातले पाठकोरे कागद होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीसाठी सरांनी वर्गात काढून दाखवलेली वस्तुचित्रे आणि संकल्पचित्रे त्यांच्या एका बाजूला होती. मागची बाजू कोरी होती. 22 गुणिले 30 इंचांच्या इम्पिरियल कागदाचे आठ तुकडे केले की प्रत्येक तुकडा साडेसात गुणिले अकरा इंचांचा होतो. सर्व छत्तीस चित्रे याच मापाची आहेत. खिडकी उभी, म्हणून चित्रेही उभी. एकही आडवे नाही.

रंगांचेही तसेच. ऑगस्टपर्यंत बहुतेक ट्यूबा संपल्या. उरले ते मुख्यतः अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर. निळा आणि सिएना यांच्या मिश्रणातून उबदार ते थंड अशा करड्या छटांची मोठी मालिका मिळते आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत साचून बारीक दाणेदार पोत तयार होतो. मालिकेचा उत्तरार्ध करडा दिसतो त्याचे पहिले कारण हे साधे, सामानाचे आहे. पाहणाऱ्यांनी त्यात उदासी पाहिली. तीही खोटी नव्हती.

साथीच्या काळातली चित्रे म्हटली की आजारी शरीर डोळ्यांसमोर येते. नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांनी 1919 मध्ये स्पॅनिश फ्लूच्या आजारपणातले आत्मचित्र रंगवले. त्यात ते अंथरुणाजवळ खुर्चीत बसलेले दिसतात. सरांच्या मालिकेत आजारी माणूस नाही आणि घराची आतली बाजूही नाही. रुग्णालये आणि गावाकडे पायी निघालेले मजूर त्यांनी दूरदर्शनवर पाहिले, पण रंगवले नाहीत. जे खिडकीतून दिसले तेच रंगवायचे हा त्यांचा नियम होता. त्यामुळे 29 मार्चच्या चित्रात साड्यांच्या दुकानाचे बंद शटर, विजेचा खांब आणि त्याची सावली एवढेच आहे. 5 एप्रिलच्या चित्रात रात्रीचे नऊ वाजलेत, समोरच्या इमारतीचे दिवे बंद आहेत आणि गॅलऱ्यांत पणत्या आहेत. मे महिन्यात शटरवर गुलमोहराचा लाल रंग उतरतो. 3 जूनला त्याच गुलमोहराची फांदी रस्त्यावर आडवी आहे. 22 ऑगस्टला एक माणूस दोन्ही हातांत लहानशी गणेशमूर्ती धरून एकटा चालला आहे. मागे वाजंत्री नाही. 1 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. ज्या लक्ष्मी रस्त्यावर त्या दिवशी मिरवणुकीमुळे पाय ठेवायला जागा नसते, त्याचा खिडकीतून दिसणारा तुकडा पूर्ण रिकामा आहे. फक्त पावसाचे पाणी साचले आहे आणि त्यात आभाळ दिसते आहे.

मालिकेत 9 जुलैनंतरचे चित्र 2 ऑगस्टचे आहे. मधल्या दिवसांत सरांच्या घरातले एक माणूस गेले. खिडकीसमोरच्या खुर्चीत तोवर तेच बसत असे आणि सर बाजूच्या स्टुलावरून चित्र काढत. ऑगस्टपासून सर खुर्चीत बसू लागले. बसायची जागा दोन-अडीच फूट सरकल्यामुळे चित्रातला विजेचा खांबही सरकला.

फोनवरची चित्रे

प्रदर्शनाचा पहिला विचार फोनचाच होता. मार्च 2020 मधला आर्ट बाझलचा हाँगकाँग मेळा रद्द होऊन त्याच्या जागी ऑनलाइन दालने उघडली होती आणि जगभरच्या मोठ्या गॅलऱ्यांनी तोच मार्ग धरला होता. पेठेतल्या दालनाकडे व्हॉट्सॲप होते. नोव्हेंबरमध्ये रोज एक याप्रमाणे तीस चित्रे दालनाच्या नेहमीच्या रसिकांना आणि सरांच्या माजी विद्यार्थ्यांना पाठवली.

चित्रे दूरवर पोचली. नाशिक, बेळगाव, अमेरिका इथून उत्तरे आली. अनेकांना आपले पुणे रिकामे पाहून भरून आले. मर्यादाही लगेच दिसल्या. कागद बाहेरून पडलेला प्रकाश परत देतो, फोनचा पडदा मात्र आतून उजळतो. त्यामुळे कागदाचा कोरा पांढरा भाग, म्हणजे जलरंगातला खरा उजेड, पडद्यावर नुसता रिकामा दिसला. चित्राची फाइल आकुंचित होऊन गेली आणि अल्ट्रामरीनचे दाणे नाहीसे झाले. प्रत्येकाच्या फोनवर करडा रंग निराळा होता. मुख्य म्हणजे रोज एक चित्र आल्यामुळे दोन चित्रे शेजारी पाहता येत नव्हती. तीस दिवसांत 9 जुलै आणि 2 ऑगस्ट यांमधल्या अंतराबद्दल एकानेही विचारले नाही. खांब सरकला आहे हे कुणाला दिसले नाही. हा पाहणाऱ्यांचा दोष नव्हता. चित्र त्यांच्या हातात, इतर निरोपांच्या गर्दीत, काही क्षणच राहत होते.

मांडणी

संग्रहालये, कलादालने आणि प्रदर्शने उघडण्याविषयीची कार्यपद्धती केंद्रीय संस्कृती मंत्रालयाने 5 नोव्हेंबर 2020 रोजी जाहीर केली. प्रतिबंधित क्षेत्राबाहेरची ठिकाणे 10 नोव्हेंबरपासून उघडता येणार होती. दिवाळी होऊ द्यावी, रुग्णसंख्या पाहावी आणि मग ठरवावे असे दालनाने ठरवले. त्यानुसार 4 ते 20 डिसेंबर या तारखा निश्चित झाल्या. तोवर एरवीचे प्रदर्शन पाच दिवसांचे असे. माणसे कमी घ्यायची तर दिवस वाढवावे लागणार होते.

पहिली अडचण फ्रेमांची आली. नेहमीच्या फ्रेमवाल्यांकडे काम करणारे तिघे कारागीर मे महिन्यात श्रमिक रेल्वेने गावी गेले होते आणि एकच परतला होता. लाकडी पट्टीचा मालही येत नव्हता. शेवटी दालनाच्या माळ्यावरच्या जुन्या मोठ्या फ्रेमा कापून लहान केल्या. पाऊण इंची पट्टी घासून अर्ध्या इंचावर आणली. साडेसात इंच कागद, दोन्ही बाजूंना पावणेदोन इंच माउंट आणि अर्धा इंच फ्रेम मिळून प्रत्येक चित्राची रुंदी बरोबर एक फूट झाली.

मग भिंतीचा हिशेब झाला. दोन चित्रांमध्ये सहा इंच जागा ठेवली तर प्रत्येक चित्राला दीड फूट लागते, छत्तीस चित्रांना 54 फूट. भिंत 55 फूट होती. सर्व चित्रे तारखेच्या क्रमाने एका ओळीत, मध्य जमिनीपासून 57 इंचांवर धरून टांगता आली. पाण्याच्या नळीने पातळी घेऊन दोरी मारली आणि बहात्तर खिळे ठोकले.

या हिशेबातून एक उपयोगी गोष्ट आपोआप निघाली. दीड फुटाची चार पावले म्हणजे सहा फूट. दोन माणसांमध्ये चार चित्रांचे अंतर राहिले की नियमाचे अंतर राहत होते. त्यामुळे त्या दिवसांत सगळीकडे दिसणारी जमिनीवरची वर्तुळे काढावी लागली नाहीत. दारात एवढेच सांगितले जाई, “तुमच्या आणि पुढच्या माणसाच्या मध्ये चार चित्रं असू द्या.” सूचना सर्वांना लगेच समजत असे आणि तिच्यामुळे लक्ष जमिनीकडे जाण्याऐवजी भिंतीकडे जाई.

9 जुलैच्या चित्रानंतर भिंतीवर रिकामी जागा ठेवावी का, हा प्रश्न लेखिकेने विचारला. “सर, इथे दोन चित्रांची जागा सोडू का?” सरांनी मान हलवली. “नको. तारखा आहेत ना.” त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 2 ऑगस्टचे चित्र नेहमीच्या सहा इंचांवरच टांगले. माहितीपत्रकातही त्याविषयी काही लिहिले नाही.

हवा, हात आणि जंतुनाशके

साथीच्या पहिल्या महिन्यांत सर्वांचे लक्ष पृष्ठभागांवर होते. दुधाच्या पिशव्या धुतल्या जात होत्या. 2020 च्या अखेरीपर्यंत बंद खोलीतल्या हवेचे महत्त्व अधिक स्पष्ट होऊ लागले होते. दालनाला दोन्ही बाजू सांभाळायच्या होत्या आणि चित्रेही सांभाळायची होती. माणसाला सुरक्षित ठेवणारी प्रत्येक गोष्ट चित्राला मानवतेच असे नाही.

सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी आत करू दिली नाही. त्यातला क्लोरीन रंग उडवतो, कागद कमकुवत करतो आणि टांगण्याच्या तारा व हूक गंजवतो. ती फवारणी फक्त बाहेरच्या पायऱ्यांवर झाली. सॅनिटायझरची बाटली दाराबाहेर ठेवली आणि हात पूर्ण सुकल्यावरच आत सोडले. त्यातले अल्कोहोल अॅक्रिलिक रंग आणि डमारसारखे वार्निश मऊ करू शकते. ही चित्रे काचेमागे होती, तरी तो नियम पुढच्या प्रदर्शनांसाठीही राहावा म्हणून तेव्हाच घालून दिला.

हवेसाठी तिन्ही खिडक्या आणि मागचे दार उघडे ठेवले. त्यामुळे आरपार वारा मिळाला, पण उजेडाचा प्रश्न उभा राहिला. थेट ऊन जलरंगाला घातक असते आणि समोरच्या भिंतीवरच्या काचांत खिडकीचेच प्रतिबिंब पडते. मग तुळशीबागेतून पांढरे मांजरपाट आणून खिडक्यांना सैल पडदे लावले. वारा आत येई, ऊन गाळून येई आणि प्रतिबिंबाची कड विरून जाई. या पडद्यांमुळे खोलीत जो मऊ, सारखा उजेड पसरला, तसा त्या खोलीत पूर्वी कधी दिसला नव्हता.

अभिप्रायवही ठेवता आली नाही, कारण एक वही आणि एक पेन अनेकांच्या हातांतून जाते. तिच्या जागी कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक पेटी ठेवली. पेन ज्याचे त्याने आणायचे. ग्रंथालये परत आलेली पुस्तके तीन दिवस बाजूला ठेवत होती, तशीच पेटीतल्या चिठ्ठ्या चौथ्या दिवशी वाचल्या जात. नाव आणि फोन नंबर लिहून घेतलेले कागद चौदा दिवसांनी फाडून टाकले.

पाहणारे

एका वेळी चार माणसे, अर्धा तास, मग हवा बदलण्यासाठी दहा मिनिटांचा मोकळा वेळ असे वेळापत्रक होते. सकाळी तीन आणि संध्याकाळी चार तुकड्या. वेळ फोनवर ठरवायची. उद्घाटन झाले नाही, दीपप्रज्वलन झाले नाही, चहा नव्हता. पासष्टीच्या पुढच्या रसिकांना आधी शासनाची सूचना सांगितली जाई. तरीही यायचे म्हणणाऱ्यांसाठी सकाळची पहिली वेळ राखली होती आणि तेव्हा खोलीत दुसरे कुणी नसे. सर स्वतः रोज दार उघडण्याआधी येऊन पंधरा मिनिटे थांबत आणि लोक यायच्या आत निघून जात. आपल्याच प्रदर्शनात ते कुणाला भेटले नाहीत.

सतरा दिवसांत 231 माणसे आली. पूर्वीच्या हिशेबाने ही संख्या लहान आहे. पण दाराजवळच्या स्टुलावरून लेखिकेला जे दिसले ते पूर्वी दिसले नव्हते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी केलेली एक पाहणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रेक्षक एका चित्रासमोर सरासरी 27.2 सेकंद थांबतात असे आढळले होते. मध्यक तर 17 सेकंदांचाच होता. दालनात छत्तीस चित्रांना अर्धा तास, म्हणजे प्रत्येकी 50 सेकंद मिळत होते. पण ते एकसारखे वाटले गेले नाहीत. जवळजवळ प्रत्येक जण पहिली फेरी आठ-दहा मिनिटांत संपवी. एरवी माणूस इथे अभिप्रायवहीकडे वळला असता, ओळखीचे कुणी भेटले असते, चहा घेऊन निघाला असता. आता वळायला काही नव्हते आणि वीस मिनिटे शिल्लक होती. मग तो पुन्हा 29 मार्चपाशी जाई आणि दुसरी फेरी सुरू करी. या फेरीत तो तारखा वाचू लागे. चित्र पाहणे खऱ्या अर्थाने इथे सुरू होत होते.

मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरे. चष्मेवाले एक पाऊल मागे सरत, वाफ जाण्याची वाट पाहत आणि पुन्हा पुढे येत. या मागे-पुढे होण्यात चित्र दोन अंतरांवरून पाहिले जाई. लांबून रस्ता दिसे, जवळून रंगाचे दाणे.

ज्या दुकानाचे शटर छत्तीस चित्रांत आहे त्या दुकानाचे मालक आपल्या दोन कामगारांना घेऊन आले. शटर पहिल्यांदा अर्धे उघडलेले कोणत्या चित्रात आहे ते तिघांनी मिळून शोधले आणि त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. एका रुग्णालयातल्या परिचारिका आपला सगळा वेळ मे महिन्याच्या दोन चित्रांसमोर बसून राहिल्या. जाताना त्यांनी विचारले, “यंदा गुलमोहर फुलला होता होय? मला कळलंच नाही.” त्या महिन्यात त्या उजाडायच्या आत घर सोडत आणि अंधार पडल्यावर परतत. या वाक्याला देण्याजोगे उत्तर लेखिकेकडे नव्हते. त्यांना अर्धा तास आणखी बसू दिले. पुढच्या तुकडीत त्या वेळी तिघेच होते.

दुसऱ्या आठवड्यातल्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी शाळकरी अक्षरात होती. “9 जुलैनंतर खांब डावीकडे सरकला आहे. का?” एवढाच मजकूर, खाली इयत्ता सातवी. फोनवर तीस दिवसांत जे कुणाला दिसले नाही ते एका मुलीला एका खोलीत अर्ध्या तासात दिसले. तिने दोन्ही चित्रांच्या मध्ये उभे राहून मान दोन्हीकडे वळवली असणार. ते करायला शेजारी टांगलेली चित्रे लागतात, उभे राहायला जमीन लागते आणि कुणी हलवणार नाही अशी वेळ लागते. दालन या तीनच गोष्टी देते. पूर्वी ते तिसरी गोष्ट गर्दीत गमावत होते.

चिठ्ठी दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, खिशातले पेन काढले आणि खाली लिहिले, “शाबास. बसायची जागा बदलली.” ती चिठ्ठी मुलीकडे पोचवली.

विक्री

प्रत्येक चित्राची किंमत फ्रेमसह सहा हजार रुपये होती. दालनाने आपले कमिशन नेहमीच्या तीस टक्क्यांवरून वीसवर आणले. तेरा चित्रे विकली गेली. मालिका तुटू नये म्हणून विकलेल्या चित्रावर फक्त लाल टिकली लावली आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत जागेवरच ठेवले. दुकानाच्या मालकांनी अर्ध्या उघडलेल्या शटरचे चित्र घेतले. गुलमोहराचे एक चित्र सरांनी किंमत न घेता परिचारिकांना दिले. अनंत चतुर्दशीच्या चित्राला सर्वांत जास्त मागणी आली, पण ते विकायचे नाही असे सरांनी आधीच सांगितले होते. 9 जुलै आणि 2 ऑगस्टची चित्रेही विकायची नव्हती.

दालनाच्या वाट्याला आलेल्या पैशांतून फ्रेमांचा खर्च, कापड आणि विजेची थकबाकी भागली. मार्चपासूनचे भाडे तसेच राहिले. वाड्याच्या मालकांनी ते हप्त्याने घेतले. साथीच्या काळातले छोटे दालन तिकिटावर किंवा विक्रीवर चालत नव्हते. घरमालक, फ्रेमवाले, शेजारी आणि चित्रकार यांनी थोडेथोडे नुकसान वाटून घेतले म्हणून ते चालले.

नंतर

20 डिसेंबरला चित्रे उतरवली. 22 डिसेंबरपासून राज्यातील महापालिका क्षेत्रांत रात्रीची संचारबंदी आली. 2021 च्या फेब्रुवारीत रुग्ण पुन्हा वाढू लागले, 5 एप्रिलपासून नवे निर्बंध लागले आणि 14 एप्रिलपासून ते आणखी कडक झाले. दालन पुन्हा काही महिने बंद राहिले. या वेळी मात्र भिंती रिकाम्या होत्या, चित्रे मालकांकडे होती आणि खिडक्या नेमाने उघडल्या जात होत्या.

निर्बंध उठल्यावर दालनाने उद्घाटने, गर्दी आणि चहा परत आणला. या गोष्टी चांगल्याच आहेत, त्यांच्यावाचून पेठेतले दालन एकटे पडते. पण काही गोष्टी त्या सतरा दिवसांतल्या राखल्या. प्रत्येक प्रदर्शन आता किमान दहा दिवसांचे असते. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी फक्त चार माणसांना, ठरवलेल्या वेळी, अर्ध्या तासासाठी आत सोडले जाते. मांजरपाटाचे पडदे, आर्द्रतामापक आणि चिठ्ठ्यांची पेटी कायम झाली आहे.

विकलेली तेरा आणि भेट दिलेले एक अशी चौदा चित्रे फ्रेमांसह गेली. उरलेली बावीस फ्रेमांतून काढून, मध्ये आम्लमुक्त पातळ कागद घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह एका पेटीत सपाट ठेवली आहेत. ठेवण्यापूर्वी सर्व छत्तीस चित्रांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली. नोंदवहीत प्रत्येक चित्राला एक पान आहे. त्यात चित्राची तारीख, वापरलेले रंग आणि मागच्या बाजूचे वर्णन लिहिले आहे. 1 सप्टेंबर 2020 च्या रिकाम्या लक्ष्मी रस्त्यामागे तांब्या, दोन कांदे आणि घडी पडलेले फडके असे वस्तुचित्र आहे. सरांनी वर्गात मुलांसमोर काढून दाखवलेले.